मायनं एवढंच विचारलं, शेळी व्याली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन मुलांच्या वाढत्या रागाबद्दल गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात आलेली पत्रं मी वाचली. मोबाइलमुळे मुलं चिडखोर झाली, पूर्वीसारखा धाक उरला नाही, मुलांनी मन खंबीर करायला शिकलं पाहिजे, असा बहुतेकांचा सूर होता. एकानं शाळेत ध्यानाचे तास सक्तीचे करा असं सुचवलं आहे. ध्यानाला माझा विरोध नाही. पण 13-14 वर्षांच्या पोरानं आपला राग, आपली भीती एकट्यानं आवरावी ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. माझ्या डोळ्यांसमोर जी मुलं आहेत, त्यांच्यापैकी एकही एकट्यानं सावरलेलं मी पाहिलेलं नाही.

मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरावरच्या एका गावात 23 वर्षं मराठी शिकवते. आमच्याकडे ‘कारखान्याला जाणं’ याचा अर्थ एकच, साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला जाणं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. परत येतात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतात. लहान मुलं त्यांच्याबरोबर जातात. पाचवी-सहावीच्या पुढची मागे ठेवली जातात, आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. आवाज फुटायच्या, पाळी सुरू व्हायच्या वयात घरातलं सर्वांत जवळचं माणूस दर वर्षी ट्रकमध्ये बसून निघून जातं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना. आठवीतल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. कारण काय, तर त्यानं याची टोपी घेतली. चार टाके पडले. आठवडाभरापूर्वी यानंच वर्गाच्या खिडकीची काच फोडली होती. पालकांना बोलवा, असं शाळेत ठरलं. पालक कुठून येणार? मी त्याच्या वडिलांना फोन लावला. चौथ्यांदा लागला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. वडील म्हणाले, “बाई, हाणा त्याला, पर शाळंतून काढू नका.” मी म्हटलं, त्याच्या आईला द्या फोन, मला बोलायचं नाही, त्याला बोलू दे.

तो फोन कानाला लावून व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला ऐकू येत होतं ते एवढंच: “हं. हं. जेवलो. न्हाई. हं. दोन. एक काळं, एक बांडं. हं.” चार मिनिटं झाली असतील. फोन परत देताना त्याचे खांदे खाली आलेले होते. इतके दिवस ते कानापर्यंत चढलेले असायचे, हे मला त्या वेळी कळलं. तो वर्गात गेला, ज्याला मारलं होतं त्याच्या शेजारी बसला. संध्याकाळी मी विचारलं, माय काय म्हणाली रे? म्हणाला, “शेळी व्याली का, ते इचारत व्हती.”

मारामारीचा विषय त्या माउलीनं काढलाच नव्हता. बापानं सांगितलं नसेल, किंवा सांगूनही तिनं काढला नसेल. शेळी, करडं, जेवण. आणि ज्या रागापुढे माझं समजावणं आणि मुख्याध्यापकांचं ओरडणं दोन्ही थकलं होतं, तो तेवढ्यानं उतरला.

पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला एक अभ्यास सांगितला गेला, तेव्हा मला तो व्हरांडा आठवला. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली 7 ते 12 वर्षांच्या 61 मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली. साहजिकच सगळ्या घाबरल्या. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी आई फक्त फोनवर बोलली, आणि उरलेल्यांना एक साधी चित्रफीत दाखवली. आईनं जवळ घेतलेल्या मुलींच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक लवकर उतरलं आणि मायेचं, जवळिकीचं म्हणून ओळखलं जाणारं ऑक्सिटोसिन वाढलं. फोनवर नुसता आवाज ऐकलेल्या मुलींमध्येही जवळजवळ तसंच घडलं. दोन वर्षांनी त्याच गटानं आईला बोलण्याऐवजी लेखी संदेश पाठवायला सांगून पाहिलं. तो परिणाम दिसला नाही. संदेश वाचलेल्या मुलींची स्थिती आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी होती. हा अभ्यास मुलींवरचा, तिकडचा आणि माझ्या आठवीच्या पोरापेक्षा लहान वयाचा, हे मला मान्य आहे. पण आवाजात काय असतं हे आमच्या गावातली कोणतीही आजी सांगेल.

वसतिगृहातल्या सहावीच्या एका मुलीच्या आईला लिहिता येत नाही. टोळीतल्या एका पोराकडून तिनं लेकीसाठी आवाजाचा संदेश धाडला होता. अकरा सेकंदांचा. “जेवलीस का गं? भाकर गार खाऊ नको. केस इंचरून घे. ठिवते.” ती मुलगी रात्री अंथरुणात मोबाइल कानाला लावून तो ऐकायची. स्वयंपाकाच्या मावशी म्हणायच्या, मोबाइलचं येड लागलंय पोरीला. मोबाइल काढून घ्यायला मीच गेले होते. ऐकलं आणि परत ठेवून आले. मोबाइलनं मुलं बिघडली असं सरसकट लिहिणाऱ्यांना मला हे आवर्जून सांगायचं आहे.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी सातवीतली एक मुलगी, आईवडील निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कवितेच्या तासाला रडायला लागली. सगळा वर्ग बघत होता. मी तिला म्हटलं, “एवढी मोठी झालीस, रडतेस काय? धाकट्या भावानं बघितलं तर काय वाटेल त्याला?” तिनं डोळे पुसले. त्यानंतर ती माझ्यासमोर कधीच रडली नाही. वह्या नीट, डबा नीट, धाकट्या भावाची तयारीही नीट. शहाणी मुलगी म्हणून तिचं उदाहरण मी दुसऱ्यांना देत असे. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलं, आणि तेही मला ठरल्यावर पंधरा दिवसांनी, तिसरीकडून कळलं. ती रोज समोरच्या बाकावर बसत होती. तिला सांगावंसं वाटलं नाही, कारण मी तिला शिकवलं होतं की मोठ्या मुली रडत नाहीत. तिनं ते गिळलं, आणि मी त्याला सावरणं समजले.

या दोन गोष्टींमधला फरक पालकांना आणि शिक्षकांना कळावा म्हणून मी इतकं लिहिते आहे. गिळलेलं कुठे जात नाही. ते पोटदुखी होऊन येतं, डोकेदुखी होऊन येतं. डिसेंबरात आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलींची रांग लागते, त्यातल्या बऱ्याच जणींना गोळीची गरज नसते. मुलगे पोटदुखी सांगत नाहीत, ते हाणामारी करतात. विचारलं तर दोघांचं उत्तर एकच: “कसंतरी होतंय.”

या ‘कसंतरी’वर मी गेली काही वर्षं काम करते आहे. मराठीची शिक्षिका आहे, शब्द हेच माझं हत्यार. मागच्या फळ्यावर मुलांकडूनच शब्द गोळा करून लिहिले. हुरहुर, धास्ती, घुसमट, हेवा, लाज, कंटाळा, उबग, रुसवा, तगमग, भरून येणं. कुणी ‘जीव वरखाली होणं’ आणलं, कुणाच्या आजीचा ‘काळजात कालवणं’ आला. सकाळी हजेरी घेताना ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी ज्याला वाटेल त्यानं यातला एक शब्द म्हणायचा. पहिले सात दिवस सगळे ‘कंटाळा’ म्हणून हसत होते. नवव्या दिवशी नववीतला एक धिप्पाड मुलगा, कबड्डीच्या संघातला, मान खाली घालून म्हणाला, “भरून येणं.” कुणी हसलं नाही. भावनेला नाव दिलं की मेंदूतली भीतीची उसळी ओसरते, असं 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं होतं. माझा अनुभव एवढाच की नाव ऐकून घेणारं कुणी असलं तर ते नाव ओठावर येतं. शब्द फळ्यावर आधीपासून होतेच. तो मुलगा बोलला तो आदल्या दिवशी त्याच्या मित्रानं ‘हुरहुर’ म्हटलं होतं म्हणून.

मैत्रीबद्दल थोडं. या वयात आईवडिलांपेक्षा मित्रांचा आवाज मोठा होतो, आणि आमची मुलं तर सहा महिने एकमेकांच्याच आधारानं जगतात. मित्राच्या खांद्यावर हात टाकून चालणारं पोर निम्मं शांत झालेलं असतं. पण यालाही दुसरी बाजू आहे. नववीतल्या दोन मुली, जिवाभावाच्या. दोघींचे आईवडील एकाच टोळीत. रोज संध्याकाळी टाकीच्या ओट्यावर बसून तेच ते बोलायच्या. बाबा पितात, आईचा हात कापला, आपलंही लग्न लावतील. बोलून मन हलकं होतं म्हणतात, या दोघी रोज जास्तच सुकत होत्या. दुःख एकमेकींसमोर पुन्हा पुन्हा उगाळत बसल्यानं मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते, हे अमांडा रोझ या संशोधिकेनं 2002 पासून मांडलं आहे, आणि मुलींमध्ये ते अधिक दिसतं असंही. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं. त्यानं आणखी बिघडलं. मग मावशींनी त्यांना रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या ज्वारीतले खडे निवडायला बसवलं आणि स्वतः मध्ये बसल्या. बोलणं तेच, पण आता त्यात एक तिसरी बाई होती. मावशी मध्येच म्हणायच्या, “माझं बी लगीन तेराव्या वर्षी लागलं. तुमचं न्हाई लागू द्यायचं, बाईंना सांगू.” आणि सांगितलंही. त्यातल्या एकीचं लग्न आम्ही दोघींनी तिच्या आजोबांशी बोलून पुढे ढकललं. ती आता बारावीला आहे. बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये 18 वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही मोठंच होतं. त्या ओट्यावरची भीती पोरींच्या मनाचा खेळ नव्हती. खरी भीती निवळायला खरं माणूस लागतं, जे काहीतरी करू शकतं.

आजी-आजोबांवर सगळा भार आहे, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. सत्तरीची म्हातारी चार नातवंडं सांभाळते. दिवेलागणीला हाक मारते, ताटात भाकर कुस्करून देते. पण मुलांकडून एक गोष्ट वारंवार ऐकते: “आजीला सांगितलं तर तिला रात्री झोप लागत नाही.” म्हणजे जिनं मुलांना सावरायचं, तिलाच मुलं सांभाळत असतात. या ओझ्याची कुणी नोंद घेत नाही.

हे फक्त ऊसतोड कामगारांच्या घरातलं आहे असं शहरातल्या वाचकांनी समजू नये. माझा स्वतःचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला होता. दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं आणि मी पहिलं वाक्य म्हणायचे, “टेस्टला किती पडले?” तो आकडा सांगायचा, ठीक आहे म्हणायचा, दोन मिनिटांत फोन ठेवायचा. त्याची नखं कुरतडून रक्त येत होतं हे मला दिवाळीला तो घरी आला तेव्हा दिसलं. व्हरांड्यातली ती शेळी मला आठवली. पुढच्या रविवारी मी विचारलं, मेसला काय भाजी होती? तो वीस मिनिटं बोलला. भाजीबद्दल, खोलीतल्या मुलाच्या घोरण्याबद्दल, आणि मग अगदी शेवटी, भौतिकशास्त्र डोक्यावरून जातंय याबद्दल. दुसऱ्यांची मुलं पाहून मला ते कळत होतं, आपल्या मुलापर्यंत यायला दोन वर्षं लागली.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याखाली आपल्या राज्यात ‘मैत्री’ नावाची किशोरवयीनांसाठीची आरोग्य केंद्रं आहेत. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तो मी वर्गाच्या दारावर रंगवून घेतला आहे. पण आमच्या गावातून ग्रामीण रुग्णालयात जाऊन यायला मुलीचा दिवस जातो आणि बरोबर कुणी मोठं लागतं, जे नेमकं गावात नसतं. आणि दारावरचा नंबर ती त्याच दिवशी फिरवते ज्या दिवशी शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता. मी मात्र आजारी मुलांबद्दल लिहीतच नाही. ज्यांना कोणताही आजार नाही, फक्त सावरायला हात नाही, त्यांची संख्या कोणत्या तक्त्यात असते?

मागणं फार मोठं नाही. हंगामी वसतिगृहात सबंध हंगाम एकच बाई असू द्या. मागे एका हंगामात आमच्याकडे मानधन थकलं म्हणून तीन जणी बदलल्या. तिसरीला मुलांनी नावानं हाकच मारली नाही, “ओ” म्हणायचे. जी उद्या जाणार तिच्याजवळ कोण रडेल? त्या बाईच्या हातात मानधन वेळेवर पडावं, हा मुलांच्या मनाच्या आरोग्याचाच खर्च आहे. आमच्याकडे ही सोय आठवीपर्यंतच आहे, आणि नववी-दहावीची मुलं, ज्यांना ती सर्वांत जास्त हवी, ती बाहेर राहतात. मार्चअखेर निधी संपला की वसतिगृह बंद होतं आणि पट्टा पडायला अजून दोन-तीन आठवडे असतात. आमच्याकडची निम्मी भांडणं याच दिवसांत होतात. ‘मैत्री’ केंद्रातल्या समुपदेशकानं नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून एक दिवस शाळेत यावं, दर वेळी तोच माणूस. साखर कारखान्यांकडे आणि पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे एक विनंती: तळावरच्या कोप्यांजवळ (मजुरांच्या झोपड्यांजवळ) मोबाइल चार्ज करायची सोय आणि आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, ज्या वेळी टोळीला गाडी भरायला बोलावणार नाहीत. अर्धा तास पुरे. मुलं फोनची वाट बघतात आणि तो लागत नाही, तेव्हा ती रात्र कशी जाते हे वसतिगृहात झोपणाऱ्यालाच ठाऊक.

गेल्या हंगामात आम्ही गुरुवार ठरवला. संध्याकाळी सात वाजता, शाळेतले तीन शिक्षक आणि मावशी मिळून चार मोबाइल. प्रत्येकाला पाच मिनिटं. काय बोलायचं ते आम्ही सांगत नाही, अभ्यास कर असं सांगू नका एवढं मात्र पालकांना सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी वर्ग वेगळा असतो. ज्यांचा फोन लागला नाही ती मुलंही लगेच ओळखू येतात, त्यांना त्या दिवशी मी काही कामाला जवळ ठेवते, खडू आणायला, वह्या मोजायला.

पोळा झाला. गावात उचलीची बोलणी सुरू झाली आहेत. टोळ्या निघायच्या आत मला प्रत्येक घरी जाऊन आईचा, बापाचा आणि मुकादमाचा असे तीन-तीन नंबर वहीत उतरवून घ्यायचे आहेत, कारण गेल्या वर्षी 31 पैकी 9 नंबर जानेवारीपर्यंत बंद पडले होते, आणि त्यातल्या दोन मुलांना पट्टा पडेपर्यंत आईचा आवाज ऐकायला मिळाला नाही.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. पाटोदा, जि. बीड

(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं आणि गावाचं नाव छापू नये, ही विनंती.)